दिल्लीपेक्षा बरी म्हणजे नेमकी किती बरी?

पावसाळा सरला, ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की मुंबईत दरवर्षी ठरल्यासारखा एक वाद उभा राहतो. सागरी सेतू धुरक्यात दिसेनासा झाल्याची छायाचित्रं झळकतात, हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दोनशेपार गेल्याच्या बातम्या येतात, विरोधक महापालिकेला धारेवर धरतात आणि महापालिका बांधकामांना नोटिसा काढते. मग कोणीतरी दिल्लीचा आकडा पुढे करतं. तिथे चारशे, आपल्याकडे दोनशे, आपल्याला समुद्र आहे, इतका गहजब कशाला? चार दिवसांनी वारा फिरतो, आकडा उतरतो आणि वाद तिथेच विरतो. ओरडणारे आणि समजूत घालणारे, दोघांचाही डोळा त्या चार दिवसांवरच असतो. माझं म्हणणं असं की मुंबईकराच्या प्रकृतीचं बहुतेक नुकसान या धुरक्याच्या दिवसांत होतच नाही. ते होतं उरलेल्या वर्षात, ज्या हवेला सरकारी तक्त्यात ‘समाधानकारक’ किंवा ‘मध्यम’ म्हटलं जातं आणि जिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, त्या हवेत.

हा तक्ता आधी नीट समजून घ्यायला हवा. २०१५ पासून देशभर वापरात असलेला निर्देशांक हे कुठल्या एका पदार्थाचं मोजमाप नाही. आठ प्रदूषकांपैकी किमान तिघांच्या नोंदी घ्यायच्या, त्यांत पीएम १० (हवेतले दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) किंवा पीएम २.५ यांपैकी एक असलाच पाहिजे, प्रत्येकाला तक्त्यानुसार गुण द्यायचे आणि ज्याचे गुण सर्वांत वाईट तोच त्या दिवसाचा निर्देशांक. पद्धत म्हणून यात गैर काही नाही. गोम आहे ती गुणांच्या पायऱ्यांत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांच्या आकाराची कल्पना यावी. चोवीस तासांच्या सरासरीत हे कण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम भरले तरी आपला निर्देशांक १०० वर राहतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. ९० पर्यंत ती ‘मध्यम’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारलेली मर्यादा चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ आहे. आपलं २००९ चं राष्ट्रीय मानक वर्षाच्या सरासरीसाठी ४० आहे, म्हणजे आठपट. ज्या दिवशी मोबाइलवर हिरवट रंगात ‘समाधानकारक’ असं दिसतं, त्या दिवशी संघटनेच्या मर्यादेच्या चौपट कण छातीत जात असू शकतात.

आता थोडा हिशेब. मुंबईची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी गेल्या काही वर्षांत चाळिशीच्या आसपास फिरते आहे. ४० धरू. वर्षाची बेरीज झाली १४,६००. समजा, सर्वांत वाईट दहा दिवस १२० चे होते आणि काही जादू होऊन ते दहाही दिवस अगदी स्वच्छ, ५ वर आले. बेरजेतून गेले १,१५०. सरासरी ४० वरून ३७ वर आली, बस्स. ज्या दहा दिवसांवर सगळी वर्तमानपत्रं, सगळ्या नोटिसा आणि सगळी भाषणं खर्च होतात, ते पूर्णपणे पुसून टाकले तरी शरीराच्या खात्यातले आठ टक्केसुद्धा कमी होत नाहीत. त्या दहा दिवसांना महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. दमेकऱ्याला, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला, तान्ह्या बाळाला ते दिवस थेट रुग्णालयात पोचवू शकतात. पण शहराचं आयुष्य कुरतडणारी गोष्ट दुसरी आहे.

ती कुरतड कशी चालते हेही पुरेसं सांगितलं जात नाही. प्रदूषण म्हटलं की लोकांना खोकला, घशातली खवखव, चुरचुरणारे डोळे आठवतात. धुळीचे जाड कण नाकातल्या केसांत आणि घशातल्या चिकट स्रावात बरेचसे अडकतात, खोकल्यावाटे बाहेर पडतात. पीएम २.५ फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथे त्याला बाहेर ढकलणारी केसाळ अस्तराची यंत्रणा नसते. भक्षक पेशी कण गिळतात, दाह सुरू होतो, दाहाचे रासायनिक संदेश रक्तात उतरतात आणि अतिसूक्ष्म कण तर स्वतःच रक्तात शिरतात. रक्त गुठळी धरायला अधिक राजी होतं, धमन्यांचं अस्तर ताठरतं, आत साचलेले मेदाचे थर अस्थिर होतात. म्हणून या कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंत मोठा वाटा हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा असतो. दीर्घकालीन श्वसनरोग आणि फुप्फुसाचा कर्करोग त्यांच्या जोडीला. कर्करोगाबद्दल आता शंका उरलेली नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेला पहिल्या गटातले, म्हणजे माणसात निश्चित कर्करोग घडवणारे घटक ठरवलं. आम्ही जन्मभर इथेच राहिलो, आम्हाला कुठे काय झालं, असं म्हणणाऱ्याला बायपास झालेली असते, आणि त्या बायपासचा हवेशी संबंध त्याला कोणी सांगितलेला नसतो.

दिल्लीशी तुलना फसवी ठरते ती याच ठिकाणी. दिल्लीची वार्षिक सरासरी शंभरच्या आसपास, मुंबईची चाळीस, म्हणजे मुंबईचा धोका दिल्लीच्या चाळीस टक्के, असं गणित लोक मनातल्या मनात मांडतात. शरीर ते गणित पाळत नाही. हृदयविकाराच्या बाबतीत कणांचं प्रमाण आणि धोका यांची रेषा सरळ चढत नाही. सुरुवातीला ती उभी चढते आणि पुढे सपाट होत जाते. पाचावरून चाळीसवर जाताना जेवढा धोका वाढतो, तेवढा साठवरून पंचाण्णववर जाताना वाढत नाही. सिगारेटचं उदाहरण पाहा. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या भागाइतका असावा असं वाटतं. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तो जवळपास निम्म्याइतका निघाला. थोडं विष थोडंसंच नुकसान करतं हा समज इथे खोटा पडतो. यातून मुंबईसाठी निघणारा निष्कर्ष मात्र आशादायक आहे. रेषेच्या उभ्या भागावर असलेलं शहर दहा मायक्रोग्रॅम उतरलं तर सपाट भागावरच्या शहरापेक्षा दरडोई जास्त जीव वाचतात. बरी हवा असलेल्या शहराने निवांत बसावं याच्या नेमकं उलट हे आहे.

आता समोरची सर्वांत भक्कम हरकत. प्रदूषणाने माणसं मरतात याचा पुरावा काय? कोणाच्या मृत्युदाखल्यावर ‘प्रदूषित हवा’ असं कारण लिहिलेलं असतं? मृत्यू आणि प्रदूषण यांचा थेट, केवळ तेवढाच संबंध सिद्ध करणारी निर्णायक आकडेवारी नाही, असं उत्तर केंद्र सरकारने संसदेत एकाहून अधिक वेळा दिलं आहे. यात तथ्य आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. २०१९ साली भारतात हवेच्या प्रदूषणाने १६.७ लाख मृत्यू झाले, हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागातून आलेला आकडा मोजलेला नाही, काढलेला आहे. त्यात चुलीच्या धुराचे बळीही धरले आहेत. त्यामागची धोक्याची समीकरणं बरीचशी परदेशांतल्या लोकसंख्यांवरून आली आहेत. दशकानुदशकं त्याच माणसांचा माग ठेवणारे भारतीय अभ्यास थोडे आहेत. समोर बसलेल्या एका रुग्णाकडे बोट दाखवून याचा झटका हवेमुळेच आला, असं कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही.

पण तंबाखूच्या बाबतीत तरी डॉक्टर असं कुठे सांगू शकतो? एकेका रुग्णात कारण सिद्ध होत नाही म्हणून समूहातलं कारण खोटं ठरत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं. त्या काळात नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसं जास्त मेली. पुढच्या महिन्यांतही मृत्यू चढेच राहिले, तेव्हा त्यांचं खापर सरकारी अहवालाने इन्फ्लुएन्झावर फोडलं. अर्ध्या शतकाने संशोधकांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा एकूण जादा मृत्यू बारा हजारांच्या घरात असावेत असं निघालं. एकाही दाखल्यावर ‘धुरकं’ लिहिलेलं नव्हतं. तरीही १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या युटा खोऱ्यातला पोलाद कारखाना कामगारांच्या तंट्यामुळे तेरा महिने बंद राहिला. खोरं तेच, मुलं तीच, थंडी तीच. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्याने रुग्णालयात दाखल होणारी मुलं बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. याहून स्वच्छ प्रयोग कोणी मुद्दाम रचला असता तरी त्याला परवानगी मिळाली नसती. आणि दाखल्याचंच म्हणाल, तर लंडनमध्ये वाहत्या रस्त्याजवळ राहणाऱ्या, दम्याने २०१३ साली गेलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या बाबतीत डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलंच. नोंद होत नाही, कारण नोंद करण्याची पद्धत नाही.

परदेशी आकडे आपल्याला लागू नाहीत, हा याच हरकतीचा दुसरा भाग. अमेरिकेच्या सहा शहरांतल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं माग ठेवून केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सर्वांत प्रदूषित स्ट्यूबेनव्हिलची पीएम २.५ ची सरासरी तीसच्या आसपास होती, सर्वांत स्वच्छ पोर्टेजची अकराच्या. धूम्रपान, वजन, शिक्षण हे सगळं जमेला धरूनही स्ट्यूबेनव्हिलचा मृत्युदर २६ टक्के जास्त निघाला. त्या अभ्यासातल्या सर्वांत वाईट शहरापेक्षा मुंबईची नेहमीची हवा वाईट आहे. भारतीय फुप्फुसं वेगळी आहेत असं ज्यांना म्हणायचं आहे, त्यांनी ती कोणत्या बाबतीत वेगळी आहेत हेही सांगायला हवं. कुपोषण, क्षयरोग, मधुमेह यांचं आपल्याकडचं प्रमाण पाहिलं तर वेगळेपणाचा कल आपल्या बाजूने असण्याचं काहीच कारण दिसत नाही. शिवाय मुंबईचा स्वतःचा पुरावा नाही असंही नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच शहरातल्या कमी-अधिक प्रदूषित वस्त्या आणि तुलनेला एक ग्रामीण भाग घेऊन माणसं तपासली, त्यांचा पाठपुरावा केला आणि प्रदूषित वस्त्यांत श्वसनाचे त्रास जास्त असल्याचं दाखवलं. पन्नास वर्षांपूर्वी या शहराला हे माहीत होतं.

मुलांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे नुकसान भरून येत नाही. फुप्फुसाची वाढ विशीच्या आसपास पूर्ण होते आणि त्या वेळी जी क्षमता हाती लागते तिच्यावर उरलेलं आयुष्य काढायचं असतं, कारण पुढे ती उतरतच जाते. दक्षिण कॅलिफोर्नियात दहा ते अठरा वयातल्या मुलांची फुप्फुसं आठ वर्षं मोजली गेली. अठराव्या वर्षी फुप्फुसाची क्षमता लक्षणीयरीत्या कमी राहिलेली मुलं सर्वांत स्वच्छ वस्तीत १.६ टक्के होती, सर्वांत प्रदूषित वस्तीत ७.९ टक्के. पुढे तिथली हवा कायद्याने सुधारली, तेव्हा नंतरच्या पिढीतल्या मुलांत हे प्रमाण निम्म्याहून खाली आलं. गोवंडीतल्या, माहुलमधल्या, अंधेरी-कुर्ला रस्त्यालगतच्या शाळांतल्या मुलांची फुप्फुसं अशी कोणी दरवर्षी मोजतं आहे का?

समुद्राचं काय? तो आहे, आणि त्याचा उपकार मोठा आहे. दुपारी समुद्रावरून येणारा वारा शहरातली हवा ढकलून नेतो, पावसाळ्याचे चार महिने पाऊस ती अक्षरशः धुऊन काढतो. म्हणूनच थंडीत फिरायला जायचं तर पहाटेपेक्षा दुपारनंतर जावं. पहाटे जमिनीवरचा थंड थर झाकणासारखा बसलेला असतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. पण वारा घाण नष्ट करत नाही, सरकवतो. पश्चिमेकडून निघालेली हवा मुलुंड, ठाणे, भिवंडीकडे जाते आणि रात्री वारा उलटला की तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली हवा घेऊन परत येते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे चक्र मंदावलं. ते ला निनाचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड राहून वाऱ्यांची घडी बदलण्याचं वर्ष होतं, आणि काही दिवस मुंबई दिल्लीच्याही वर गेली. त्या हिवाळ्यात मुंबईत अचानक नवे कारखाने उभे राहिले नव्हते. आपण रोज हवेत किती सोडतो ते वाऱ्याने उचललं नाही तेव्हा दिसलं, इतकंच. वाऱ्याच्या भरवशावर चालणारं शहर एका नैसर्गिक गोष्टीला महापालिकेचं काम सांगत असतं.

आता विकासाची हरकत. मेट्रो, किनारी रस्ता, पुनर्विकास ही शहराची गरज आहे. मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत राहणाऱ्या माणसाला धुळीपेक्षा छत कोसळण्याची भीती मोठी आहे, आणि ती खरी आहे. बांधकाम थांबलं की नाक्यावरच्या मजुराची रोजी त्याच दिवशी बुडते. डिसेंबर २०२४ अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली सगळी बांधकामं एकदम थांबवली गेली, तेव्हा नियम पाळणारा आणि मोडणारा दोघांनाही एकच शिक्षा झाली. अशी सरसकट बंदी हा कारभाराचा पराभव आहे, हे मी मान्य करतो. पण ती वेळ आली कशाने? ऑक्टोबर २०२३ मध्येच महापालिकेने नियम जारी केले होते: एक एकराहून मोठ्या भूखंडाभोवती ३५ फूट उंच पत्रे, त्याहून लहानाला २५ फूट, इमारतीभोवती ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याचे फवारे, गाडीची चाकं धुण्याची सोय, हवा मोजणारे संवेदक. नियम बरे आहेत. मात्र प्रत्यक्ष जागेवर ते कसे बिघडतात हे पाहिलं की सगळा उलगडा होतो.

चाकधुणीचंच घ्या. डंपरच्या टायरला चिकटलेला चिखल रस्त्यावर वाळतो, मागच्या गाड्यांच्या चाकांखाली दळला जातो आणि मग प्रत्येक गाडीबरोबर उडत राहतो. चाकधुणी हा त्याला सर्वांत स्वस्त अटकाव. पण टाकीतला गाळ रोज उपसला नाही तर चाकं चिखलाच्याच पाण्यात बुडून बाहेर येतात. टाकी ते फाटक हा पट्टा काँक्रीटचा नसेल तर धुतलेलं चाक पुन्हा मातीत. आणि दुसऱ्या फाटकाने टेम्पो, मिक्सर सुटत असतील तर पहिल्या फाटकावरची टाकी फक्त तपासनीसाला दाखवण्यापुरती उरते. हिरव्या कापडाचं तेच. ते ओलं असेपर्यंत जाड धूळ धरतं, वाळलं की झटकलेल्या चादरीसारखी तीच धूळ सोडतं. रस्त्यावर मारलेलं पाणी एप्रिलच्या उन्हात अर्ध्या-पाऊण तासात उडून जातं. तयार काँक्रीटच्या प्रकल्पात सिमेंट टाकीत भरताना हवेच्या दाबाने चढवतात. टाकीच्या माथ्यावरच्या गाळणीची एक पिशवी फाटली तरी भरतानाची वीस मिनिटं आसपासच्या वस्तीवर सिमेंट पडत राहतं, आणि हे बहुधा रात्री होतं. यांतला प्रत्येक दोष वॉर्डातला कनिष्ठ अभियंता दहा मिनिटांत ओळखू शकतो, त्याला रात्री अकरा वाजता तिथे पाठवलं तर.

तरीही सगळं लक्ष धुळीवर केंद्रित होणं मला धोक्याचं वाटतं, आणि इथे माझं पर्यावरणवादी मित्रांशीही जमत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात शहरांची प्रगती मोजली जाते पीएम १० वरून. वजनात भरतात ते जाड कण, म्हणजे रस्त्याची धूळ. मग पैसा तिकडे वाहणार हे उघड आहे: या कार्यक्रमातल्या खर्चाचा सुमारे ६४ टक्के भाग धूळ हटवण्यावर गेल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. उद्योगांच्या वाट्याला एक टक्कासुद्धा आला नाही. यांत्रिक झाडू, फवाऱ्याच्या तोफा ही दिसणारी कामं आहेत. तोफेचा थेंब पीएम १० ला गाठतो, पीएम २.५ इतका हलका असतो की हवेच्या प्रवाहाबरोबर थेंबाला वळसा घालून निघून जातो. दिल्लीत २०२१ साली वीस कोटींहून अधिक खर्चून बांधलेल्या धुरके मनोऱ्याचा, म्हणजे हवा गाळणाऱ्या उंच यंत्राचा, परिणाम त्याच्या आजूबाजूच्या शंभरेक मीटरांपलीकडे फारसा जाणवला नाही. फुप्फुसाच्या तळाशी जाणारा कण मुख्यतः जाळण्यातून येतो: डिझेल, कोळसा, कचरा, लाकूड, आणि त्यांच्या वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेट, नायट्रेट. धूळ निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. दगड कापणाऱ्या, काँक्रीट फोडणाऱ्या मजुराला त्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो आणि त्यावर उपचार नाही. पण शहराच्या हृदयविकाराचा माग काढायचा तर झाडूपेक्षा धुराड्याकडे पाहावं लागेल.

जाळण्याचा हिशेब मात्र गरिबाच्या दारात संपवायची एक जुनी सवय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर जायला सांगितलं. लादीपावाच्या भट्टीत जुन्या फर्निचरचं रंगवलेलं, चिकटवलेलं भंगार लाकूड जळतं, त्याचा धूर साध्या लाकडापेक्षा वाईट, आणि तो सर्वांत आधी भट्टीपुढच्या कारागिराच्या छातीत जातो. निर्णय योग्यच आहे. पण भट्टी बदलण्याचा खर्च, अरुंद गल्लीत गॅसची वाहिनी, जागेचा मालकी वाद, यांची सोय न करता मुदत दिली तर पाव महागतो आणि भट्टी रात्री चालते. आणि बेकरीला सहा महिने, तर कोळशावरच्या वीजकेंद्रांना किती? त्यांच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ चा. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. वाहनांच्या पीयूसीचंही असंच. डिझेल गाडीची तपासणी धूर किती काळा दिसतो एवढंच पाहते. सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्या चाचणीत मोजलीच जात नाहीत, त्यामुळे कणगाळणी काढून टाकलेली बीएस सहा या धुराच्या मानकाची गाडीही प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते.

श्वास कोण घेतो याचा विचार केला की विकास विरुद्ध पर्यावरण हा सामना किती खोटा आहे ते कळतं. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठवलेली कुटुंबं तेलशुद्धीकरण आणि रसायन प्रकल्पांच्या कुशीत माहुलला नेऊन ठेवली गेली. हरित लवादाने तिथल्या हवेचा आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं होतं. २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिन्याला पंधरा हजार भाडं द्या. देवनारचा कचरा डोंगर जानेवारी २०१६ मध्ये पेटला, त्याचा धूर उपग्रहाच्या चित्रात दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याने कोणत्या विकासाची ही किंमत मोजली?

मग सांगितलं जातं, तोवर स्वतःची काळजी घ्या. घ्यावीच, पण तिची मर्यादा ओळखून. कापडी रुमाल आणि सैल सर्जिकल मास्क पीएम २.५ साठी जवळपास व्यर्थ; एन-९५ चालतो, पण नाकावरची पट्टी दाबून कडा चेहऱ्याला चिकटल्या तरच. दाढी असेल तर हवा बाजूने शिरते. पट्टे सैल पडले किंवा श्वास ओढायला जड झाला की तो टाकावा. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं तर खोलीचं घनफळ काढा: दहा बाय बारा फूट, उंची दहा, म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राची क्षमता तासाला किमान १७० घनमीटर हवी, आणि खिडक्या बंद हव्यात. साधा एसी हे काम करत नाही. घरातल्या घरात फुकट करण्यासारखी गोष्ट म्हणजे डासांची कॉइल बंद करणं. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या अभ्यासात मोजलं गेलं आहे. खिडकीला जाळी, मच्छरदाणी हे त्याहून चांगलं. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, दार उघडं आणि दारात वाहता रस्ता असेल तर यंत्र काय गाळणार? वाहतूक पोलिसाने, फेरीवाल्याने, रिक्षाचालकाने बारा तास एन-९५ घालून काम करावं, हे मेच्या दुपारी कोणी कोणाला सांगू शकेल?

इतिहास बघितला तर या देशात हवा सुधारली ती इंधन आणि यंत्र बदललं तेव्हा. मुंबईत गिरण्यांच्या धुराविरुद्ध कायदा १९१२ सालीच झाला होता. त्याचा रोख चिमणीतून निघणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या धुरावर होता, आणि गिरणगावाने पुढची कित्येक दशकं तोच धूर गिळला. याउलट शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं, तेव्हा कोणाला जागरूकतेची शपथ घ्यावी लागली नाही. पंपावर ते मिळेनासं झालं आणि मुलांच्या रक्तातलं शिसं उतरलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस सहाबरोबर इंधनातला गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आला, तोही असाच. म्हणून हिवाळ्यातल्या नोटिसांपेक्षा मला पुढच्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: शहराचं उद्दिष्ट पीएम २.५ च्या वार्षिक सरासरीवर ठरावं, ४० वरून पाच वर्षांत २५. ठाणे, नवी मुंबई, कल्याण, भिवंडी, तळोजा यांच्यासकट एकाच हवापट्ट्याला एकच जबाबदार अधिकारी असावा. बेस्टच्या ताफ्यात बस वाढाव्यात आणि त्या विजेवरच्या असाव्यात. बेकरीला बदलासाठी अनुदान आणि वीजकेंद्राला सवलतीशिवाय मुदत मिळावी.

आणि पुराव्याचा प्रश्न खरोखर निकालात काढायचा असेल, तर त्याची साधनं महापालिकेच्याच हातात आहेत. केईएम, सायन, नायर, कूपर ही तिचीच रुग्णालयं. तिथल्या आपत्कालीन विभागात रोज आलेले दम्याचे, हृदयविकाराचे, पक्षाघाताचे रुग्ण, नाव न देता, राहत्या वॉर्डासह, त्या दिवसाच्या पीएम २.५ च्या आकड्याशेजारी दर आठवड्याला जाहीर करावेत. डॉ. कामतांच्या काळात ही माहिती वस्तीवस्तीत जाऊन गोळा करावी लागली. आज त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, केसपेपरवरचा पत्त्याचा रकाना नीट भरला गेला पाहिजे.